आभाराचे चार शब्द
(रात्रीच्या वर्गाच्या समारोपाच्या दिवशी केलेले भाषण)



आज आपल्या वर्गाची शेवटची संध्याकाळ. सहा महिन्यांपूर्वी आपण पहिल्यांदा इथे जमलो, तेव्हा पाटीवर 'ग' काढताना किती जणांचे हात कापत होते ते आठवते ना? आज तेच हात सही करतात. बाजाराची यादी लिहितात. एस. टी.ची पाटी वाचून बरोबर गाडीत चढतात. रेशनकार्डात नाव घालण्यासाठी अर्ज कसा लिहायचा, विजेचे बिल चुकीचे आले तर तक्रार कशी लिहायची, हेही आपण शिकलो.

पण परवा वह्या तपासताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. आम्ही तुम्हांला मागायला शिकवले आणि तक्रार करायला शिकवले. ज्याने आपले काही चांगले केले, त्याला दोन ओळी कशा लिहाव्यात, हे शिकवायचे मात्र राहून गेले. म्हणून आजचा हा शेवटचा धडा आभाराच्या पत्राचा.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, "आभार कशाला मानायचे? आपल्यात का आभार मानतात? ते तर परक्यासारखं झालं." खरे आहे. आपल्याकडे शेजारणीने वाटीभर साखर दिली तर आपण 'आभारी आहे' म्हणत नाही. तीच वाटी परत देताना तीत काहीतरी घालून देतो. रिकामी वाटी परत करायची नाही, ही आपली रीत. ती रीत चांगलीच आहे. पण काही वाट्या अशा असतात, की त्या भरून परत देता येत नाहीत. दवाखान्यातल्या सिस्टरने रात्र जागून काढली, मास्तरांनी मुलाला शाळा सोडू दिली नाही, कंडक्टरने विसरलेली पिशवी डेपोत जपून ठेवली. यांच्या वाटीत आपण काय घालणार? तिथे चार शब्दच घालावे लागतात. मात्र ते शब्द रिकामे असून चालत नाहीत.

रिकामे शब्द कसे असतात, हे आम्हांला कसे कळले ते आधी सांगतो. चूक आमचीच होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेचा एक वर्ग असाच संपला. त्या वर्गाला पुष्कळांनी मदत केली होती. कुणी जागा दिली, कुणी सतरंजी दिली, कुणी दिव्याचा खर्च सोसला. आम्ही पन्नास कार्डे छापून घेतली. त्यावर मजकूर होता, 'आपण केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल संस्था आपली अत्यंत ऋणी आहे.' खाली सही. वर नाव घालायला मोकळी जागा. नावे घातली आणि कार्डे पोस्टात टाकली. आम्हांला वाटले, काम झाले.

त्यातले एक कार्ड एका सुतारकाकांना गेले. त्यांनी वर्गाचा फळा करून दिला होता, आणि ते स्वतःही त्याच वर्गात शिकले होते. पंधरा दिवसांनी ते भेटले. आम्ही विचारले, "काका, कार्ड मिळालं का?" ते म्हणाले, "मिळालं की. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावानं टपाल आलं. पोस्टमननं वाचून दाखवतो म्हटलं, तर मी म्हटलं, नको, माझं मी वाचतो. ओसरीवर बसून अक्षर अक्षर लावून वाचलं. दोनदा वाचलं." मग थोडे थांबून म्हणाले, "कार्ड चांगलं आहे हो. पण त्यात मी कुठं आहे, ते काही सापडलं नाही."

मंडळी, आम्ही खाली मान घातली. एक माणूस साठाव्या वर्षी वाचायला शिकतो, पहिले पत्र हातात घेतो, त्यात स्वतःला शोधतो, आणि त्याला सापडते काय, तर 'बहुमोल सहकार्य'! तेच शब्द सतरंजी देणाराला आणि तेच शब्द फळा करणाराला.

त्या रात्री आम्ही काकांना दुसरे पत्र लिहिले, हाताने. लिहायला बसलो तेव्हा कळले, की लिहिण्याआधी आठवावे लागते. काकांनी नेमके काय केले होते? फळा करून दे म्हटले, तो तर त्यांनी दिलाच. पण खडू ठेवायची पट्टी त्यांनी फळ्याच्या अगदी खालच्या कडेला बसवली होती आणि फळाही नेहमीपेक्षा हातभर खाली टांगला होता. कारण वर्गात बायका जास्त, त्यांतल्या दोघी अगदी ठेंगण्या. हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी बघून केले होते. आम्ही लिहिले, 'काका, फळा आपण खाली टांगलात म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्या बायका उठून फळ्यावर लिहू लागल्या. एकीलाही टाचा उंच कराव्या लागल्या नाहीत. हे आमच्या लक्षात यायला हवे होते. ते आपल्या लक्षात आले.'

काकांनी त्या पत्राबद्दल आम्हांला काही सांगितले नाही. पण पुढे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते पत्र हत्यारांच्या पेटीत, गुण्या आणि रंध्याच्या शेजारी, घडी करून ठेवलेले दिसले. छापील कार्ड कुठे आहे, ते आम्ही विचारले नाही.

आता आजच्या धड्याकडे येऊ. आपल्याच वर्गातल्या एका बाईंनी मागच्या महिन्यात एक पत्र लिहिले. त्यांच्या परवानगीने ते इथे सांगतो. पावसाळ्यात त्यांची सून बाळंत झाली. रात्रीची वेळ, ओढ्याला पाणी, १०८ नंबरची गाडी पलीकडे अडकलेली. उपकेंद्रातल्या सिस्टर चालत आल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. बाईंना सिस्टरना पत्र लिहायचे होते. त्यांनी पहिल्यांदा लिहिले ते असे :

'सिस्टरबाईंना नमस्कार. तुम्ही देवासारख्या धावून आलात. तुमचे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत. तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत.'

आम्ही म्हटले, "बाई, यात खोटं काही नाही. पण हे पत्र दुसऱ्या कुठल्या सिस्टरला पाठवलं, डॉक्टरला पाठवलं, किंवा तुमची म्हैस बरी करणाऱ्याला पाठवलं, तरी चालेल की नाही?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "चालंल की! मग काय लिवायचं?"

आम्ही म्हटले, "आम्ही विचारतो, तुम्ही सांगा. त्या रात्री सिस्टरनी काय काय केलं?"

मग त्या सांगू लागल्या. "आवो, चपला हातात घेऊन वढा वलांडून आल्या. पाणी मांडीला लागत हुतं. आल्या आल्या हात धुतले, दोनदा. पोर झालं पर रडंना. मी तर कपाळाला हातच लावला. त्यांनी कोरड्या फडक्यानं पोराला पुसलं, पाठ चोळली, तवा कुठं रडलं. वजन भरलं दोन किलो दोनशे. मग पोराला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आन वरनं दोघांना पांघरलं. मी मध चाटवाय निघाले हुते. आमच्यात चाटवत्यात. तर त्या मला रागावल्या न्हाईत. माझा हात धरला आन म्हणाल्या, 'आई, मध नको, आईचा चीक पाजू या. तोच त्याचा पहिला डोस.' त्याआधी मला समदी अडाणीच म्हणत हुती. त्यांनी आई म्हणलं."

आम्ही म्हटले, "बाई, पत्र तयार झालं. आता एवढंच लिहा."

त्यांनी दोन संध्याकाळी बसून ते लिहिले. पत्र असे झाले :

'सिस्टरबाई यांस नमस्कार. आषाढात माझी सून बाळंत झाली, त्या रात्री तुम्ही ओढ्याच्या पाण्यातून चालत आमच्या घरी आलात. बाळ रडत नव्हते. तुम्ही त्याला कोरडे करून पाठ चोळलीत, तेव्हा ते रडले. तो आवाज मी विसरणार नाही. मी मध चाटवणार होते. तुम्ही मला रागावला नाहीत. आई म्हणून हात धरलात आणि समजावून सांगितलेत. म्हणून मी ऐकले. रागावला असता तर मी तुम्ही गेल्यावर चाटवला असता. बाळ आता चांगले अंग धरू लागले आहे. परवा माझ्या जावेच्या नातीला कोणी मध देत होते, तेव्हा मी नको म्हटले आणि तुम्ही सांगितले तसेच सांगितले. हे पत्र मी स्वतः लिहिले आहे.'

बघा, या पत्रात 'आभार' हा शब्दच नाही. आणि तरी यापेक्षा मोठे आभार कोणते असतील?

पुढे काय झाले ते ऐका. एके दिवशी सिस्टर आपल्या वर्गात आल्या. त्या म्हणाल्या, "ओढ्याबद्दल लोक बोलतात, ते मला ठाऊक होतं. पण मी रागावले नाही, हे कुणी ध्यानात ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर कधीकधी मी रागावतेही. आता नाही रागावणार. रागावलं तर मागनं मध चाटवतात, हे मला पत्रातून कळलं." मंडळी, नेमक्या शब्दांची ताकद ती हीच. 'तुम्ही देवासारख्या आहात' असे म्हटले तर माणूस लाजतो आणि विसरतो. 'तुम्ही रागावला नाहीत म्हणून मी ऐकले' असे म्हटले, की त्याला आपले कोणते वागणे कामी आले ते कळते. ते वागणे तो पुन्हा करतो. आणि त्याचा लाभ गावातल्या पुढच्या बाळाला होतो.

आता या पत्रातून आपण चार प्रश्न काढू. आभाराचे पत्र लिहायच्या आधी ते मनाला विचारावेत. पहिला, त्या माणसाने नेमके काय केले? दुसरा, केव्हा आणि कुठे केले? तिसरा, त्यामुळे काय झाले, कुणाचे काय वाचले, काय सुधारले? चौथा, ते करताना त्याचा कोणता गुण दिसला? या चारांची उत्तरे लिहिली, की पत्र झाले. शितावरून भाताची परीक्षा करतात. सगळे पातेले ओतून दाखवावे लागत नाही. तसे माणसाचे सगळे गुण सांगू नका. एक शीत दाखवा, पण ते शिजलेले असू द्या.

असे नेमके लिहिणे ही काही नवी गोष्ट नाही. सावित्रीबाई फुले यांनी जोतिरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांची तीन पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात. शेवटचे पत्र दुष्काळात ओतूरहून लिहिलेले आहे. 'फार दुष्काळ आहे' एवढे लिहून त्या थांबत नाहीत. गुरांचे काय झाले, माणसांचे काय झाले, हे त्या सांगतात. म्हणून इतक्या वर्षांनी वाचतानाही ते दिवस डोळ्यांपुढे उभे राहतात. जे पाहिले ते लिहावे, हा धडा आपण त्यांच्याकडून घ्यावा.

कुणी विचारील, "पण कौतुक केलं की माणूस चढून नाही का बसत?" त्याला आमचे उत्तर असे, की हरभऱ्याच्या झाडावर चढवणे वेगळे आणि कौतुक वेगळे. स्तुती करणाराला काहीतरी हवे असते. म्हणून तो न पाहिलेलेही सांगतो. कौतुक करणारा पाहिलेलेच सांगतो. म्हणून एक नियम पाळा. ज्या पत्रात आभार मानाल, त्या पत्रात काही मागू नका. 'आपण मुलाला चांगले शिकवलेत, तरी धाकट्यालाही प्रवेश द्यावा' असे लिहिले, की मास्तर पहिले वाक्य विसरतात आणि दुसरेच वाचतात. अर्ज दुसऱ्या कागदावर लिहा. आणि दुसऱ्या कुणाला कमी लेखून कौतुक करू नका. 'आधीच्या सिस्टर काही कामाच्या नव्हत्या' असे लिहिले, की कौतुकाच्या ताटात खडा आला.

आणखी एक सावधगिरी. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. तेव्हापासून आजपर्यंत खेड्यातल्या माणसाचे कितीतरी अडलेले काम कंडक्टर-ड्रायव्हरांनी पार पाडले आहे. त्यांच्याबद्दल डेपोच्या व्यवस्थापकांना जरूर लिहा. तारीख, कुठून कुठे जाणारी गाडी, किती वाजताची, आणि कंडक्टरने काय केले, एवढे त्यात हवे. तक्रारी तर तिथे रोज येतात. चांगले सांगणारे पत्र क्वचित येते. पण 'तिकीट न घेता मला नेले' असे मात्र लिहू नका! तुम्ही भल्यासाठी लिहाल आणि बिचाऱ्याची चौकशी लागेल. कुणी नियम थोडा वाकवून मदत केली असेल, तर त्याचे आभार त्यालाच, समोरासमोर, मानावेत.

आता पत्राचा आकार. उजव्या कोपऱ्यात वर गाव आणि तारीख लिहावी. मग मायना. वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' किंवा 'तीर्थस्वरूप', बरोबरीच्यांना 'सप्रेम नमस्कार', लहानांना 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद', हे आपण शिकलो आहोत. जुन्या पत्रांत 'सा. न. वि. वि.' असे दिसते. त्याचा अर्थ 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष.' ते लिहिता आले नाही तर अडत नाही. 'नमस्कार' पुरे. त्या माणसाचे नाव मात्र बरोबर लिहा. बाकी ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी कुणी रागावत नाही, पण नाव चुकले तर मन खट्टू होते. नाव माहीत नसेल तर आधी विचारून घ्या.

पोस्टकार्डावर लिहिले तरी चालते. आपल्या देशात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून मिळू लागले. तेव्हा त्याला पाव आणा पडे. चार ओळींच्या आभाराला ते अगदी पुरेसे. पण पोस्टकार्ड उघडे असते. पोस्टमन वाचतो, शेजारीही वाचतात. तेव्हा कुणी आजारपणात मदत केली असेल, उसने पैसे दिले असतील, घरातले भांडण मिटवले असेल, तर ते बंद पाकिटातून पाठवा. ज्याने आपली अब्रू राखली, त्याच्या पत्रात आपण तिची वाच्यता करू नये. पत्त्याखाली पिनकोड घालायला विसरू नका. १५ ऑगस्ट १९७२ पासून हे सहा आकडे आले. महाराष्ट्रात आणि गोव्यात पहिला आकडा ४ असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी मोठी चूक टळते.

तुम्ही म्हणाल, आता हातोहात मोबाईल आहे. मग पत्र कशाला? मोबाईलवर लिहा, आमची ना नाही. आवाज भरून पाठवा, तेही चांगले. पण फुलांचे तयार चित्र आणि त्यावर 'धन्यवाद' एवढेच पाठवू नका. ते म्हणजे आमचे छापील कार्डच. ते ज्याला मिळेल, तो सुतारकाकांसारखा त्यात स्वतःला शोधील आणि त्याला तो सापडणार नाही.

पुष्कळांच्या मनात आणखी एक अडचण असते. 'आता फार दिवस झाले. आता काय लिहायचं?' आम्ही सांगतो, उशीर झाला असेल तरी लिहा. 'तेव्हा मला लिहिता येत नव्हते. आता येते, म्हणून लिहीत आहे.' एवढे एक वाक्य वर घातले, की उशिराचे कारण झाले. तुमच्याइतके खरे कारण दुसऱ्या कुणाकडे नाही. लहानपणी ज्या मास्तरांनी तुम्हांला शाळेत बोलावले होते आणि तुम्हांला जाता आले नाही, ते हयात असतील तर त्यांनाही लिहा. माणूस असतो तोवरच पत्र पोचते. आम्हांला एका बाईंना असेच लिहायचे होते. पहिल्या वर्गाच्या वेळी रोज रात्री कंदिलाची काच पुसून ठेवणाऱ्या त्या बाई. 'लिहू, लिहू' म्हणता दिवस गेले, आणि एक दिवस त्याच गेल्या. ते पत्र आता कुठल्या पत्त्यावर पाठवणार?

म्हणून आजचा हा धडा उद्यावर ढकलू नका. सहा महिन्यांत तुम्ही आम्हांला पुष्कळ दिले, त्यातली एक गोष्ट आम्ही सांगतो. गेल्या श्रावणात सात दिवस झड लागली होती. आम्हांला वाटले, वर्गाला कोणी येणार नाही. आम्ही कुलूप न काढताच परत फिरणार होतो. तोच समोरून गोणपाटाच्या खोळी डोक्यावर घेतलेल्या तुम्ही नऊ जणी येताना दिसलात. पाट्या पदराखाली धरल्या होत्या, भिजू नयेत म्हणून. स्वतः भिजलात, पाट्या कोरड्या ठेवल्यात. त्या दिवसापासून पाऊस आहे म्हणून वर्ग बंद ठेवावा, असे आमच्या मनात एकदाही आले नाही. हे आम्ही तुम्हांला आज सांगितले नसते, तर तुम्हांला कळलेच नसते.

उद्या सकाळी प्रत्येकाने एक कोरा कागद घ्या. एकच माणूस आठवा. चार प्रश्न मनाला विचारा. मग स्वतःच्या अक्षरात लिहा. अक्षर वाकडे आले तर येऊ द्या. शेवटी आपल्या त्या बाईंनी लिहिले तेच लिहा, 'हे पत्र मी स्वतः लिहिले आहे.'

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. नमस्कार.

अभ्यास

१. सुतारकाकांना छापील कार्डात काय सापडले नाही?
२. बाईंचे पहिले पत्र आणि दुसरे पत्र यांत फरक कोणता?
३. कोणते आभार बंद पाकिटातून पाठवावेत? का?
४. तुमच्यावर उपकार करणाऱ्या एका माणसाला सहा ओळींचे पत्र लिहा. त्यात 'आभार', 'उपकार' आणि 'ऋणी' हे शब्द वापरू नका.